उसना श्वास : अत्यवस्थ बालकास निद्रा देण्याचे शास्त्र

1952 साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ पसरली. तेथील ब्लेगडॅम हे साथीच्या रोगांचे रुग्णालय रुग्णांनी, विशेषतः बालकांनी, भरून गेले. ज्यांचे श्वसनाचे स्नायू लुळे पडले होते अशांसाठी रुग्णालयात एक लोहफुफ्फुस आणि छातीवर बसवावयाची सहा यंत्रे एवढीच सामग्री होती. साथीच्या आरंभी या यंत्रांवर ठेवलेल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास सल्ल्यासाठी पाचारण केले.

27 ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर इब्सेन यांनी आपली पद्धत अजमावून पाहिली. मुलीचे हातपाय लुळे पडलेले होते, घशात स्राव साचले होते आणि वर्ण काळानिळा झाला होता. गळ्याला छेद देऊन तिच्या श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली. परंतु नळीला जोडलेली रबरी पिशवी कितीही दाबली तरी वायू आत शिरेना, कारण मुलगी प्राणपणाने धडपडत होती. शेवटी इब्सेन यांनी तिला शिरेवाटे पेंटोथाल हे निद्राजनक औषध दिले. धडपड थांबली, आणि त्याबरोबर मुलीचा स्वतःचा श्वासही थांबला. आता मात्र पिशवी दाबताच तिची फुफ्फुसे फुगू लागली व तिची प्रकृती सावरली. ती मुलगी त्यानंतर अनेक वर्षे जगली. पुढे सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून अशाच पिशव्या दाबल्या आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

या घटनेतील एक क्षण नीट पाहण्याजोगा आहे. औषध देताच मुलीचा श्वास बंद पडला. म्हणजे तो उपचार त्याच क्षणी प्राणघातक ठरू शकला असता. तो तारक ठरला याचे कारण एवढेच, की श्वास थांबण्यापूर्वी नळी जागेवर होती, पिशवी हाताशी होती आणि ती दाबणारा जाणता मनुष्य तेथे उभा होता. अत्यवस्थ बालकास निद्रा देण्याच्या शास्त्राचे सार यातच आहे : बालकाचा श्वास काढून घेण्यापूर्वी तो परत देण्याची सिद्धता पूर्ण झालेली असली पाहिजे.

आजची स्थिती एका बाबतीत इब्सेन यांच्याहून अवघड आहे. त्यांच्या रुग्णाच्या गळ्यात नळी आधीच होती. आता गळ्याला छेद न देता नळी बहुधा तोंडावाटे घालतात, आणि त्यासाठी औषध नळीच्या आधी द्यावे लागते. साहजिकच श्वास थांबणे आणि नळी बसणे यांच्यामध्ये काही क्षणांचा रिता काळ राहतो. हा रिता काळ बालकाने सुखरूप कसा पार करावा, हाच या पुस्तिकेचा विषय होय.

नळी कशासाठी

तीव्र न्यूमोनिया, मेंदूज्वर, डोक्यास झालेली इजा, न थांबणारे झटके, जंतुदोषाने आलेली रक्ताभिसरणाची विफलता, मण्यार किंवा नाग यांचा दंश, अशा अनेक कारणांनी बालकाचा श्वास अपुरा पडतो, अथवा घशातील लाळ व वांती फुफ्फुसात उतरण्याचा धोका उत्पन्न होतो. अशा वेळी वैद्य तोंडावाटे एक लवचिक नळी स्वरयंत्रातून श्वासनलिकेत सरकवितात. तिच्या बाहेरील टोकास प्रथम पिशवी व मागाहून यंत्र जोडून फुफ्फुसांस प्राणवायू पुरविला जातो.

ही कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात न्यूयॉर्क येथे जोसेफ ओड्वायर या वैद्याने घटसर्पाने घसा कोंडलेल्या बालकांच्या स्वरयंत्रात धातूच्या आखूड नळ्या बसवून कित्येकांचे प्राण वाचविले. त्या काळी बालकास चादरीत घट्ट गुंडाळून, परिचारिकेच्या मांडीवर बसवून, जागेपणीच नळी घालीत. घसा कोंडलेला असता भूल देण्याचे साहस करण्याजोगी साधने तेव्हा नव्हती. परंतु जागे बालक घशातील स्पर्शास विरोध करते, ओकते, जीव गुदमरून झटते. या धडपडीत प्राणवायूचा खर्च वाढतो, मेंदूवरील दाब वाढतो आणि नळी भलतीकडे जाण्याचा संभव असतो. यास्तव आज, बालक पूर्ण बेशुद्ध व हृदय थांबलेले असे प्रसंग आणि काही विशेष अपवाद सोडल्यास, निद्रा देऊनच नळी घालण्याचा प्रघात आहे.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

प्रौढाचे माप निम्मे केले म्हणजे बालकाचे माप मिळते, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते; उताणे निजविले असता मान पुढे वाकते आणि श्वासमार्ग दुमडतो. म्हणून खांद्याखाली कापडाची घडी ठेवावी लागते. जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र प्रौढांपेक्षा वरच्या बाजूस, आणि त्यावरील झाकण लांब व लिबलिबीत असते. नवजात बालकाची श्वासनलिका अवघी चार-पाच सेंटिमीटर लांब असल्यामुळे नळी थोडी अधिक सरकली तर एकाच फुफ्फुसात जाते, थोडी मागे आली तर निसटते.

श्वासमार्गाच्या रुंदीचे गणित तर फारच बोलके आहे. शांतपणे वाहणाऱ्या वायूस होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, बालकाच्या श्वासमार्गाचा व्यास 4 मिलिमीटर आहे आणि सभोवार 1 मिलिमीटर सूज आली. व्यास 2 मिलिमीटर उरला, म्हणजे निम्मा झाला. अडथळा मात्र सोळापट झाला. तेवढीच सूज 8 मिलिमीटर व्यासाच्या प्रौढ श्वासमार्गास आली तर अडथळा सुमारे तिपटीने वाढतो. मोठ्या माणसास जी केवळ घशाची खवखव, ती तान्ह्या मुलास प्राणसंकट का होते, हे यावरून ध्यानात येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट प्राणवायूच्या जमाखर्चाची आहे. प्रौढ मनुष्य विश्रांतीच्या स्थितीत शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटास सुमारे 3 ते 4 मिलिलिटर प्राणवायू खर्चितो. तान्हे मूल 6 ते 8 मिलिलिटर खर्चिते. म्हणजे खर्च दुप्पट. उलट श्वास सोडल्यानंतर फुफ्फुसात उरणारा साठा बालकात, विशेषतः निद्रेत, लवकर घटतो. शुद्ध प्राणवायू आधी पुरेसा देऊन मग श्वास थांबला, तर रक्तातील प्राणवायूची संपृक्तता 90 टक्क्यांवर येण्यास निरोगी प्रौढास सुमारे आठ मिनिटे लागतील, तर 10 किलोग्रॅमच्या निरोगी बालकास चार मिनिटेही लागणार नाहीत, असे गणिताने काढलेले एक प्रसिद्ध अनुमान आहे. न्यूमोनियाने ग्रासलेल्या बालकास तर याच्या अंशमात्रच अवधी मिळतो. रिता काळ आखूड असतो तो असा.

निद्रा निराळी, शैथिल्य निराळे

नळी सुकरपणे जावी म्हणून सामान्यतः दोन प्रकारची औषधे एकापाठोपाठ देतात. पहिले शुद्ध हरपविणारे, दुसरे स्नायू शिथिल करणारे. या दोहोंतील भेद नीट समजणे अत्यावश्यक आहे. कारण शिथिल पडलेले बालक निजलेले दिसते, परंतु ते निजलेले असेलच असे नाही.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेल्या कुरारे या विषापासून पहिले स्नायुशिथिलक औषध मिळाले, आणि 1942 साली मॉन्ट्रिऑल येथे ते शस्त्रक्रियेत प्रथम वापरले गेले. हे औषध शुद्धही हरपविते की काय, याविषयी त्या काळी काही वैद्यांत मतभेद होता. त्याचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेतील यूटा येथील स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करविला. त्यास पूर्ण शैथिल्य येईल एवढी मात्रा देण्यात आली व कृत्रिम श्वसनावर ठेवण्यात आले. बोट हलविण्याचेही सामर्थ्य उरले नाही. परंतु भोवतालचे बोलणे त्यास ऐकू येत होते, वेदना जाणवत होत्या, आणि शुद्धीवर आल्यासारखे काही घडलेच नाही, कारण शुद्ध मुळी गेलीच नव्हती. 1947 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने वाद कायमचा मिटला. शिथिलक औषध वेदना शमवीत नाही आणि निद्राही आणीत नाही. ते केवळ तक्रार करण्याची शक्ती हिरावून घेते.

आपल्या देशात मण्यारीच्या दंशात हीच अवस्था निसर्गतः उद्भवते. विषाने पापण्या मिटतात, हातापायांतील बळ जाते, श्वास मंदावतो. तथापि बालक आतून जागे असू शकते. ते निपचित आहे म्हणून त्यास काही कळत नाही असे मानून उशाशी बोलणे किंवा निद्रा न देताच उपचार करणे, हे निर्दयपणाचे ठरेल.

औषधांची निवड

सर्व बालकांस सारखेच लागू पडणारे आदर्श निद्राजनक औषध अद्याप उपलब्ध नाही. बहुतेक औषधे शुद्ध हरपविताना रक्तवाहिन्या सैल करतात व रक्तदाब उतरवितात. निरोगी बालकास ते सोसते. परंतु जंतुदोषाने वा जुलाबाने ज्याचे रक्ताभिसरण आधीच खालावले आहे, त्याचे हृदय एवढ्याने थांबू शकते. अशा बालकाचा रक्तदाब केवळ भीती व धडपड यांच्या जोरावर टिकून असतो, आणि निद्रा तो आधारच काढून घेते. म्हणून शक्य असेल तेथे शिरेवाटे द्रव व हृदयास उत्तेजन देणारी औषधे आधी देऊन मग निद्रेची मात्रा देतात, आणि तीही बेताची.

या कारणाने केटामाइन या औषधास बालकांच्या उपचारात मोठे स्थान मिळाले आहे. काल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते 1962 साली तयार केले आणि 1970 साली अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली. ते शुद्ध हरपविते, वेदना शमविते, श्वासनलिका सैल करते आणि रक्तदाब बहुधा टिकवून ठेवते. दम्याच्या तीव्र आवेगात व रक्ताभिसरणाच्या विफलतेत ते विशेष उपयोगी पडते. त्याने लाळ वाढते, जागे होताना भयप्रद स्वप्ने पडू शकतात, आणि पूर्णतः थकलेल्या हृदयास तेही सोसेलच असे नाही. डोक्यास इजा झालेल्यांत ते वर्ज्य मानीत असत. पुढील अनुभवाने ती भीती पुष्कळशी निराधार ठरली. इटोमिडेट हे औषध रक्तदाब फारसा उतरवीत नाही. परंतु त्याची एक मात्राही अधिवृक्क ग्रंथींचे कार्य काही तास मंद करते, म्हणून जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या बालकात ते टाळतात. प्रोपोफॉल त्वरेने व गाढ निद्रा आणते, पण रक्तदाब उतरविते.

शिथिलक औषधांतही असाच विवेक लागतो. 1951 पासून प्रचारात आलेले सक्सामेथोनियम मिनिटाच्या आत परिणाम करते व काही मिनिटांतच ओसरते. परंतु ज्या बालकास स्नायूंचा आनुवंशिक विकार आहे व तो अद्याप उघडकीस आलेला नाही, त्याच्या रक्तातील पोटॅशियम या औषधाने एकाएकी वाढून हृदय बंद पडू शकते. यासंबंधी 1993 साली अमेरिकेत गंभीर इशारा देण्यात आला. पुरेशा मात्रेत दिलेले रोक्युरोनियम सुमारे एका मिनिटात परिणाम करते व हा धोका त्यात नाही. मात्र त्याचा प्रभाव अर्धा ते एक तास, क्वचित अधिकही, टिकतो.

वजन आणि दशांशचिन्ह

बालकांतील प्रत्येक मात्रा वजनावर ठरते. केटामाइनची शिरेवाटे द्यावयाची मात्रा दर किलोग्रॅमला साधारण 1 ते 2 मिलिग्रॅम असते. म्हणजे 10 किलोग्रॅमच्या बालकास 10 ते 20 मिलिग्रॅम पुरेत. दर मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम औषध असलेल्या द्रवाची 10 मिलिलिटरची कुपी घेतली, तर तिच्यात 500 मिलिग्रॅम असतात. या बालकास त्यातील 0.2 ते 0.4 मिलिलिटर एवढेच द्यावयाचे आहे. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते, आणि पिचकारीत 2 मिलिलिटर द्रव पाहून कोणासही काही खटकत नाही. म्हणून औषध आधी विरल करणे, पिचकारीवर नाव लिहिणे आणि मात्रा मोठ्याने उच्चारून दुसऱ्याकडून पडताळून घेणे हे नियम पाळले जातात.

अत्यवस्थ बालकास तराजूत घालण्यास पुष्कळदा सवड नसते. अशा वेळी उंचीवरून वजन सुचविणारी रंगीत मोजपट्टी बालकाशेजारी पसरतात. ही पट्टी प्रथम अमेरिकेत तयार झाली. भारतीय बालकांवर तिची परीक्षा केली असता 10 किलोग्रॅमच्या वरच्या गटात ती प्रत्यक्षाहून अधिक वजन दाखविते असे आढळले, व त्याविषयीचा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. परदेशी माप आपल्या देशात जसेच्या तसे वापरता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय. आईस मुलाचे अलीकडचे वजन ठाऊक असेल तर ते विचारणे केव्हाही श्रेयस्कर.

क्रम हेच संरक्षण

निद्रेचे औषध देण्यापूर्वीची काही मिनिटे सर्वांत मोलाची असतात. बालकाच्या मुखावर घट्ट बसणारा मुखवटा ठेवून शुद्ध प्राणवायू देतात. त्यामुळे फुफ्फुसातील नायट्रोजन बाहेर जाऊन त्याची जागा प्राणवायू घेतो आणि साठा वाढतो. या वेळी बालकास बळाने निजवू नये. आईच्या मांडीवर ते शांत राहत असेल तर तेथेच प्राणवायू द्यावा. स्राव ओढणारे यंत्र चालू करून पाहतात. वयास अनुरूप अशा नळ्या काढून ठेवतात. नळीचा अंतर्व्यास काढण्याचे एक सोपे सूत्र आहे : वयाच्या वर्षांस चाराने भागून त्यात साडेतीन मिळवावेत. चार वर्षांच्या बालकास फुगा असलेली साडेचार मिलिमीटरची नळी लागेल. तीहून अर्धा मिलिमीटर लहान व अर्धा मिलिमीटर मोठी, अशा आणखी दोन नळ्याही हाताशी असाव्या लागतात.

यानंतर प्रमुख वैद्य सर्वांस ऐकू जाईल असे सांगतो : पहिला प्रयत्न कोण करील, प्राणवायू किती उतरला म्हणजे प्रयत्न थांबवावयाचा, आणि नळी गेली नाही तर पुढे काय करावयाचे. नळी न जाणे ही आपत्ती नव्हे. मुखवटा व पिशवी यांच्या साहाय्याने फुफ्फुसे फुगत असतील तर बालक सुरक्षित असते. बालके मरतात ती नळी गेली नाही म्हणून नव्हे, तर नळीच्या हट्टापायी प्राणवायू देण्याचे राहून गेले म्हणून.

पोटातील अन्न फुफ्फुसात उतरू नये यासाठी पूर्वी रित्या काळात पिशवी मुळीच दाबीत नसत. 1961 साली ब्रायन सेलिक यांनी सुचविल्याप्रमाणे स्वरयंत्राखालील कूर्चेवर बाहेरून दाब देऊन अन्ननलिका बंद करण्याचाही प्रघात होता. बालकांत हे दोन्ही नियम आता सैल झाले आहेत. बाहेरील दाबाने श्वासमार्गच वाकडा होऊ शकतो. आणि प्राणवायू झपाट्याने उतरत असता पिशवीने हलकेच श्वास देणे हेच अधिक हितकर ठरते. तान्ह्या मुलांत घशास स्पर्श होताच किंवा प्राणवायू कमी पडताच नाडी मंदावते. त्यासाठी अ‍ॅट्रोपीन हे औषध तयार ठेवतात. परंतु मंद नाडीवरील पहिला उपाय प्राणवायू हाच होय.

नळी योग्य जागी आहे याची खात्री केवळ छातीचा आवाज ऐकून करीत नाहीत. बाहेर येणाऱ्या उच्छ्वासात कार्बन डायॉक्साइड आढळला पाहिजे. अन्ननलिकेत गेलेल्या नळीतून तो सातत्याने येत नाही. बोटास लावलेला प्राणवायुमापक, ज्याचे तत्त्व 1974 साली जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडले, तोही उपयोगी असतो. परंतु नळी चुकल्याचे तो काही वेळाने दाखवितो, उच्छ्वासमापक ताबडतोब दाखवितो.

नळी बसल्यानंतर

नळी बसली, छाती समान हलू लागली, म्हणजे सर्वांस हायसे वाटते. नेमक्या याच वेळी एक चूक घडण्याचा संभव असतो. केटामाइनच्या एका मात्रेने येणारी निद्रा दहा-वीस मिनिटांत ओसरते. रोक्युरोनियमचे शैथिल्य मात्र अर्धा तास, एक तास टिकते. मधल्या काळात दुसरी मात्रा दिली नाही तर बालक घशातील नळीसह जागे होते, आणि त्यास हलता, रडता किंवा डोळे उघडताही येत नाही. स्कॉट स्मिथ यांनी स्वेच्छेने जे काही काळ अनुभविले, ते त्या बालकाच्या वाट्यास अजाणतेपणी येते. नाडी वाढणे, रक्तदाब चढणे, मिटल्या डोळ्यांतून अश्रू वाहणे, एवढ्याच खुणा तेव्हा दिसतात. यास्तव निद्रेचे व वेदनाशमनाचे पुढील औषध नळी घालण्यापूर्वीच भरून तयार ठेवावे, असा दंडक आहे. दोन औषधांची घड्याळे निराळी आहेत, याचे भान ठेवणे हे वैद्याचे शेवटचे परंतु अत्यंत महत्त्वाचे कर्तव्य होय.

पालकांनी काय सांगावे

वाचकांपैकी बहुतेकांवर नळी घालण्याचा प्रसंग येणार नाही. परंतु अत्यवस्थ बालकास रुग्णालयात नेण्याचा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. अशा वेळी वैद्य घाईने काही प्रश्न विचारतात. मुलाचे वजन किती, शेवटचे खाणे केव्हा, कोणत्या औषधाचा अपाय झाला होता काय, घरात कोणास स्नायूंचा विकार आहे काय, भूल दिली असता कोणास विपरीत परिणाम झाला होता काय? हे प्रश्न औपचारिक नाहीत, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. वजनावर मात्रा ठरते, खाण्यावर सावधगिरी ठरते, आणि घरातील विकारावर औषधाची निवड ठरते. वाटेत बालकास पाणी, दूध वा औषध पाजण्याचा आग्रह धरू नये, आणि ते ज्या स्थितीत सुखाने श्वास घेत असेल तीच स्थिती राहू द्यावी.

कोपनहेगनच्या त्या मुलीस इब्सेन यांनी निद्रा दिली तेव्हा तिचा श्वास त्यांनी जणू उसना घेतला होता. उसने घेतलेले परत करावयाचे असते, आणि परत करीपर्यंत जपावयाचे असते. प्राणवायू, मापलेली मात्रा, ठरलेला क्रम आणि जागता पहारा हीच ती जपणूक. औषधे बदलली, यंत्रे सुधारली, पुढेही सुधारतील. परंतु हा व्यवहार तेवढाच गंभीर राहील.